तसली खुर्ची

बायकोला सरकारी नर्सची नोकरी लागली आणि नेमणूक मिळाली जळकोटला. तोवर आम्ही पुण्यात होतो. मी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये फर्निचरच्या कामाला जायचो. ऑर्डर हातात आली तेव्हा ती आधी हसली, मग माझ्याकडे बघून तिनं ऑर्डर घडी करून ठेवली. मीच म्हणालो, "सुताराला काय, जिथं दारं-खिडक्या आहेत तिथं काम आहे." बोलून गेलो खरा, पण पुढचे दोन महिने ते वाक्य मला टोचत राहिलं.

जळकोट हैद्राबादच्या हायवेवर आहे. दिवसभर ट्रक चालू. आम्हाला रस्त्यापासून आत दोन खोल्या मिळाल्या. मुलीला अंगणवाडीत घातलं, बायको आरोग्य केंद्रात रुजू झाली आणि मी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून गावभर हिंडायला लागलो. जिथं नवं बांधकाम दिसेल तिथं जाऊन उभा राहायचो. लोक माणुसकीचे. उन्हात उभं ठेवायचे नाहीत, चहा द्यायचे. पण बोलणं ठरलेलं असायचं.

"कुण्या गावचे? कुणाकडं आलाव?"

"सिस्टर आल्यात ना नव्या, त्यांचा मालक मी."

"आस्सं व्हय! बसा की. पन चौकटी लोखंडाच्या बसिवल्यात, अन् दारं सोलापूरवरून तयारच आणलीत."

पुण्यात मी प्लायवूड कापायचो, त्यावर लॅमिनेट चिकटवायचो. मापं कंप्युटरवरून यायची. इथं एक-दोघांनी माझे फोनमधले फोटो पाहिले, किचनचे, वॉर्डरोबचे. "लई भारी काम हाय," म्हणाले आणि फोन परत दिला.

गावात एक सुतार होते, पन्नाशीचे. एसटी स्टँडजवळ पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं दुकान. त्यांच्याकडेही गेलो. रंधा मारता मारता त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग रंधा बाजूला ठेवून म्हणाले, "राग मानू नका मिस्त्री. इथं मलाच बारा महिने काम न्हाय. आर्ध्या भाकरीत दोघं कशे जेवावं?" मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असतो तर याहून वाईट बोललो असतो.

मग नळदुर्गला जाऊ लागलो. तिथं लाकडाची वखार आहे. वखारीचे मालक एक म्हातारे मुसलमान गृहस्थ, पांढरी दाढी, कानावर पेन्सिल. त्यांना सगळे चाचा म्हणायचे, मीही म्हणू लागलो. त्यांच्याकडं लाकूड न्यायला येणाऱ्या गिऱ्हाइकांना मी विचारायचो, मिस्त्री पाहिजे का. चाचांनी हटकलं नाही. तिसऱ्या दिवशी एवढंच म्हणाले, "काम भौत है बेटा, पन भरोसा होना. लोकां हात नै देखते, आदमी देखते." त्यांनीच एका धाब्यावर पाठवलं. ट्रकवाल्यांनी बसून बसून मोडलेल्या बाजा होत्या, त्यांचे पाय आणि दांड्या बदलल्या. तीन दिवसांचं काम. मग पुन्हा रिकामा.

रिकाम्या माणसाला घर लहान पडतं. बायको दुपारी जेवायला यायची तेव्हा मी भाजी करून ठेवलेली असायची. त्यात मीठ कमी आहे असंही ती म्हणायची नाही, आणि तिचं ते न म्हणणंच मला लागायचं. एक दिवस मी म्हणालो, "मी पुण्याला परत जातो. महिन्यातून एकदा येत जाईन." ती ताटातल्या भाकरीचे तुकडे करत राहिली. म्हणाली, "जायचं तर जा. पण मला बरं वाटावं म्हणून जातोय, असं मला सांगू नका."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आली आणि बराच वेळ घुटमळली. पेशंटच्या गोष्टी ती घरी कधी बोलत नसे. शेवटी म्हणाली, "एक आजी आहेत. मी त्यांना आणि सुनेला विचारलंय, तुम्हाला सांगू का म्हणून. सून हो म्हणाली. आजी काहीच बोलल्या नाहीत."

गावाच्या कडेला मळ्यातलं घर होतं. बऱ्यापैकी शेती, विहीर, अंगणाच्या कोपऱ्यात बांधलेला संडास. पण आजींचे दोन्ही गुडघे गेलेले, खाली बसता येईना. मुलानं प्लास्टिकची मधे भोक असलेली खुर्ची आणली होती. ती ओल्या फरशीवर सटकली आणि आजी पडल्या. हाड मोडलं नाही, पण धसका बसला. तेव्हापासून त्यांनी खाणं-पिणंच कमी केलं. अर्धी भाकरी, घोटभर पाणी. जायलाच नको म्हणून. लघवीला जळजळ सुरू झाली, ताप यायला लागला, तेव्हा सुनेनं रडत रडत सिस्टरला खरं कारण सांगितलं.

आम्ही दोघं गेलो. मुलगा ओट्यावर बसला होता. म्हणाला, "ह्यात सुताराचं काय काम?" आतून आजींचा आवाज आला, "परक्या मानसाम्होरं काय आब्रू मांडली गं माझी!"

मी आत गेलोच नाही. बायको दोरा घेऊन गेली आणि गुडघ्यापासून टाचेपर्यंतचं माप, बसायच्या रुंदीचं माप दोऱ्याला गाठी मारून घेऊन आली. मी संडासात जाऊन फरशीचा उतार बघितला. फरशी मागच्या बाजूला चांगलीच उतरती होती. प्लास्टिकची खुर्ची सटकणारच.

वखारीत गेलो तेव्हा चाचांनी विचारलं, काय करणार. मी सांगितलं. ते स्वतः उठले, पडवीत मागं उभी करून ठेवलेली बाभळीची फळी ओढून काढली आणि नख मारून बघितली. "गीली लकडी नक्को तेरे कू. बूढी मा बैठनेवाली है."

चार दिवस त्या खुर्चीवर राबलो. पाय खाली फाकवले, म्हणजे कलंडायला नको. धरायला दोन्ही बाजूंना हात केले. सांध्यात खिळा घातला नाही, सगळे सांधे खाचेत लाकडाचं कुसू बसवून पक्के केले. पायांखाली लावायला हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडून जुन्या टायरचे तुकडे आणले. बसायच्या भोकाची कड घासून घासून अशी केली की गालाला लावली तरी टोचू नये. उतार सांभाळायला मागचे पाय किंचित लांब ठेवले. आणि एक शहाणपणा केला. उठायला सोपं जावं म्हणून दोऱ्याच्या मापापेक्षा चार बोटं उंची वाढवली.

चादरीत गुंडाळून खुर्ची डोक्यावरून नेली. वाटेत लोकांनी विचारलं, "काय हाय हो?" मी म्हणालो, "खुर्ची."

आठ दिवस झाले. बायको तिथं जाऊन आली की मी विचारायचो, "वापरली?" ती नाही म्हणून मान हलवायची. सून म्हणत होती, धुऊन पुसून ठेवली आहे, पण आजी बसत नाहीत. लाजत असतील, सवय नाही, असं मी स्वतःला समजावलं. मग राहवेना. पिशवी घेऊन एकटाच गेलो. आजी ओट्यावर ऊन खात बसल्या होत्या. मी खाली पायरीवर बसलो, तोंड दुसरीकडं करून.

"आजी, माझं काही चुकलं का?"

त्यांनी लुगडं पायांवर ओढून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "पाय आधांतरी ऱ्हातेत रं बाबा. हिरीच्या काठावर बसल्यावानी वाटतंय."

मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. माप दोऱ्यावर होतं. ते सोडून मी माझी अक्कल चालवली होती.

"मग सांगितलं का नाही?"

"येवढं मन लावून केलंस तू. कुण्या तोंडानं सांगू?"

मी खुर्ची अंगणात आणली, पायांखालचे टायरचे तुकडे उपटले आणि तिथंच करवत काढली. चारही पाय थोडे थोडे कापायचे, खाली टेकवून बघायचं. आजी सुनेचा हात धरून उठल्या, नेसत्या लुगड्यानिशी खुर्चीवर बसल्या. मी पाठ केली.

"आजून बोटभर," त्या म्हणाल्या.

पुन्हा कापलं. पुन्हा बसल्या. "आजून उलीसं." तिसऱ्यांदा बसल्या आणि काही बोलल्या नाहीत, तेव्हा मी वळून बघितलं. दोन्ही टाचा जमिनीवर होत्या. त्या पाय दाबून बघत होत्या, डावा, मग उजवा. मी टायरचे तुकडे पुन्हा ठोकून दिले. मग त्या सुनेला म्हणाल्या, "तांब्या भरून आण."

मला वाटलं, पाणी मला आहे. सून तांब्या घेऊन आली आणि आजींनीच तो घेतला. दोन घोट प्यायल्या, थांबल्या, परत दोन घोट. असं करत अर्धा तांब्या संपवला. सून पदर तोंडाला लावून घरात गेली. मी करवत पिशवीत घालायला लागलो.

"कुठला रं तू?" आजींनी विचारलं. गावात हा प्रश्न मला शंभरदा विचारला गेला होता. पण त्या दिवशी मी उत्तर देताना सिस्टरचं नाव घेतलं नाही. माझं गाव सांगितलं, वडील काय करायचे ते सांगितलं.

त्यानंतर माणसं यायला लागली. आधी इकडं-तिकडं बघायची, मग आवाज खाली आणून म्हणायची, "मिस्त्री, तसली एक पायजे." रिटायर झालेले एक मास्तर बायकोसाठी आले. एकजण बेंबळीहून फोन करून आला. लोक मोकळे झाल्यावर आणखी कामं निघाली. खाट उंच करून द्यायची, उंबऱ्याजवळ धरायला लाकडी दांडी बसवायची, जात्यासारखी जड दारं हलकी करायची. प्रत्येक घरी मी आधी दोरा काढायचो आणि दोऱ्याचंच ऐकायचो.

एक दिवस गावातले ते सुतार माझ्या दारात उभे. मी पाट दिला. ते पाटावर न बसता मी करत असलेली खुर्ची उलटी करून बघत राहिले, सांध्यावरून अंगठा फिरवला.

"माझ्या बापासाठी पायजे."

"तुम्हाला यातलं काय येत नाही? तुम्हीच करा की."

"येतंय," ते म्हणाले. "पन दोरा घिऊन बसलो, अन् हात धजंना. ज्यानं मला रंधा धरायला शिकिवलं, त्याच्या टाचंचं माप कसं घेऊ?"

मी माप घेतलं. म्हातारे बाबा दोरा लावताना माझ्या हाताकडं बघत होते आणि म्हणाले, "गाठ पक्की मार. ढिली गाठ सरकत्या." लाकूड मुलानं घडवलं, सांधे मी केले. त्यांच्याच शेडमध्ये, दोन दिवस. त्या दोन दिवसांत आम्ही कामापुरतंच बोललो. पण पुढच्या आठवड्यात त्यांनी एका मळ्यातल्या घराच्या चौकटीचं काम माझ्याकडं पाठवलं, आणि शेडचा अर्धा कोपरा रिकामा करून दिला.

आजी त्यानंतर दीड वर्ष जगल्या. मी अधूनमधून जायचो. मला बघितलं की त्या सुनेला चहा ठेवायला सांगायच्या आणि खुर्चीचा विषय कधीच काढायच्या नाहीत. मीही काढायचो नाही.

आता बायकोची बदली बेंबळीच्या बाजूला झाली आहे. दोन बस बदलून जाते, पहाटे उठते. मी डबा करून देतो, पण तिचं थकलेलं तोंड बघवत नाही. मी म्हणालो, आपण तिकडं राहायला जाऊ. ती म्हणाली, "तुमचं इथं आत्ता कुठं बसलंय." असं आमचं चार-सहा महिने चाललं होतं. शेवटी दोघांनाही जमेल म्हणून मधे तुळजापुरात खोली बघायचं ठरवलं. गेल्या रविवारी मी तिथल्या दोन सुतारांना भेटून आलो. एकानं बसायला स्टूल दिलं. दुसऱ्यानं दिलं नाही, पण लाकूड कुठं चांगलं मिळतं ते सांगितलं.