तिसऱ्या प्रकरणातली मुलगी

पौष शुद्ध सप्तमी, रविवार, दुपार. जागा काशीतला दूधविनायक मोहल्ला, आजींची खोली. हजर: आजी, त्यांचा पुतण्या (रेल्वेत नोकरी, नुकतीच भुसावळला बदली), आमच्या बाई, म्हणजे विद्यापीठात स्त्री-अभ्यास शिकवून निवृत्त झालेल्या प्राध्यापिका, आणि मी, त्यांची जुनी संशोधन-सहायक. जेवणं उरकली तरी नदीवरचं धुकं उठलं नव्हतं.

कामं अशी होती. पुस्तकाच्या नव्या आवृत्तीसाठी आजींची संमती घ्यायची. पुतण्या आजींना बरोबर नेणार, म्हणून सामान बांधायला हात लावायचा. आणि आजींना मुलगी नव्हती, हे आजींना सांगायचं.

शेवटचं काम बाईंचं, कारण ती मुलगी त्यांनीच आजींना दिली होती.

बाईंच्या पुस्तकात काशीतल्या मराठी घरांमधल्या बायकांच्या हकीकती आहेत. इथे नुसती नावं बदलून भागत नाही. घरं मोजकी, कुणाच्या फोडणीचा वास कुठला, हेसुद्धा गल्लीला कळतं. म्हणून तिसऱ्या प्रकरणात बाईंनी तिघींची मिळून एकच बाई केली. लवकर आलेलं वैधव्य आजींचं. वेदपाठशाळेच्या विद्यार्थ्यांचा स्वयंपाक दुसरीचा. रामघाटावरून एका नातेवाइकाबरोबर नावेत बसवून दिलेली आणि परत न आलेली मुलगी तिसरीची. त्या दोघी आता नाहीत. हे सगळं प्रस्तावनेत नीट सांगितलेलं आहे, पण प्रस्तावना कोण वाचतं?

प्रकरण मात्र सगळ्यांनी वाचलं. ते अभ्यासक्रमांत लागलं, त्यावर प्रबंध झाले. छापलेलं तिघींना वाचून दाखवायचं, हा बाईंचा नियम; ते ऐकल्यापासून आजी अभिमानाने सांगायच्या, "पुस्तकातली ती मीच." मग दिल्लीहून, पुण्याहून, परदेशातून आलेली मुलं-मुली फोन समोर धरून विचारायची, "आजी, मुलीबद्दल सांगा ना." सुरुवातीला आजी म्हणायच्या, "मला कुठली मुलगी!" पुढे नुसत्या गप्प राहू लागल्या. मग सांगू लागल्या.

आणि आता त्या भुसावळला जायला तयार नव्हत्या.

"काकू, गाडी बुधवारी आहे," पुतण्या म्हणाला. "तिकीट झालंय."

"तू जा. ती आली आणि दाराला कुलूप दिसलं म्हणजे?"

"कोण येणार आहे? मी याच घरात वाढलो. बहीण असती तर मारामाऱ्या नसत्या केल्या?"

"तुला स्वतःचा शेंबूड पुसता येत नव्हता तेव्हा. तुला काय आठवणार!"

तो बाईंकडे वळला. "तुम्हीच सांगा. मेरी तो सुनती ही नहीं. इथे एकटीला ठेवून जाऊ कसा?"

बाई आजींच्या जवळ सरकल्या. पुस्तकी शब्द एकही न वापरता त्यांनी सांगितलं: ती मुलगी शेजारणीची, ती मी तुमच्या गोष्टीला जोडली, तुम्हाला मूल झालं नाही.

आजी रडतील असं आम्हाला वाटलं होतं. त्या हसल्या.

"घरचे असंच म्हणतात. मुलगी नव्हतीच म्हणतात. तूच लिहिलंयस ना गं? मग आज तूही त्यांच्यातच जाऊन बसलीस?"

बाईंचा सगळा सिद्धान्त हाच होता. नको असलेल्या मुलीला घर आधी दाराबाहेर काढतं, मग आठवणीबाहेर. 'ती नव्हतीच' हे म्हणणंच तिच्या असण्याची खूण. जिथे तिथे हाच भाग उद्धृत झाला.

"फ्रॉकच्या खिशात मी रेवड्या भरल्या होत्या," आजी म्हणाल्या. "नावेत बसल्यावर तिने एक मला परत दिली. मुठीत धरून धरून चिकट झालेली."

बाईंनी शाल गच्च ओढून घेतली. रेवडीची गोष्ट तिसरीने आम्हा दोघींना सांगितली होती, तीसुद्धा टेप बंद करायला लावून. ती आम्ही छापली नाही, कुणाला वाचूनही दाखवली नाही. त्या शेजारणी होत्या, आपसात बोलल्या असतील. मी तसंच धरून चालते.

आजी माझ्याकडे वळल्या. "बरं, येते मी भुसावळला. पण रामघाटावरच्या नाववाल्याकडे तिथला पत्ता देऊन ठेव. ती नावेनेच येईल. तू कामं विसरत नाहीस."

"बस, इतकंच?" पुतण्याचा जीव भांड्यात पडला. "देऊन टाका ना, ताई!"

"नको," बाई म्हणाल्या. "पत्ता दिला की मग आपणच तिला खरी केल्यासारखं होईल." जाताना चपला घालायलाही त्यांना वेळ लागला.

संमतीपत्रावर आजींची सही झाली. भांडी पोत्यात गेली, गाद्यांच्या वळकट्या झाल्या. सोमवारी सकाळी पुतण्याने लिहून दिलेला पत्ता घेऊन मी रामघाटावर गेले. धुक्यात नदी दिसत नव्हती, फक्त पायरीवर पाणी आपटल्याचा आवाज. तेवढ्यात एक नाव पायरीला लागली. तिच्यातून कुणीच उतरलं नाही.

"किसी को लेने आई हैं, दीदी?" नाववाल्याने विचारलं.

मी चिठ्ठी पर्समध्ये टाकली आणि परत आले.

आज मंगळवार, दुपार. आजी ट्रंकेवर बसून आहेत आणि मी आत गेले की फक्त माझ्याकडे बघतात. यादीतल्या बाकी सगळ्यावर रेघ मारून झाली. नाववाल्याला पत्ता द्यायचं राहिलं आहे.