अकरा वर्षं ॲमस्टरडॅम

शुभदाताई कर्वे नाशिकच्या. तीस वर्षं जिल्हा परिषदेत कारकुनी केली. त्यांच्या हातून एकही टपाल कधी चुकीच्या तालुक्यात गेलं नाही, याचा त्यांना अभिमान होता.

मुलगा मल्हार अकरा वर्षांपूर्वी नेदरलँड्सला नोकरीला गेला आणि झूटरमेर नावाच्या गावात राहू लागला. गाव चांगलं सव्वा लाख वस्तीचं, पण सोसायटीत कुणाला सांगायला जावं तर आधी "काय म्हणालात?" आणि मग "हे कुठे आलं?" हेग जवळ होतं, पण हेग म्हटलं की लोकांना आंतरराष्ट्रीय कोर्ट आठवायचं. दामोदरभाऊजींनी तर विचारलंच होतं, "वहिनी, पोरगं कुठल्या खटल्यात अडकलंय?" तेव्हापासून ताईंनी सरळ ॲमस्टरडॅम सांगायला सुरुवात केली. शेजारीपाजारी, बँकेत, दिराच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेतसुद्धा. "आमचा मल्हार ॲमस्टरडॅमला असतो." समोरचा लगेच "वा!" म्हणायचा. दिवंगत यजमानही तेच सांगत गेले.

मल्हार थट्टा करायचा. "आई, इथलं ब्रोकेलन अमेरिकेत जाऊन ब्रुकलिन झालं. हार्लेमही इथलंच. आमचं झूटरमेर मात्र कुणी जहाजात घातलं नाही."

"मग मी काय करू? चांगलं नाव असलेल्या गावात घर घ्यायचं होतंस," ताई म्हणायच्या.

यंदा मार्चमध्ये त्या तीन महिन्यांसाठी मुलाकडे आल्या. रोज बेकरीत जाऊन पाव आणायच्या, बसथांब्यावरचं गावाचं नाव वाचायच्या. म्हणजे नाव माहीत नव्हतं असं अजिबात नाही. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

बुधवार होता. सून इरावती डेल्फ्टच्या विद्यापीठात शिकवायला गेली होती. मल्हार घरूनच काम करत होता. पावणेअकराला ताई चहा घेऊन गेल्या, तर तो खुर्चीत नव्हता. टेबलाखाली पडला होता. एक हात छातीवर, चेहरा राखेसारखा, कपाळावर घाम.

"मल्हार! अरे, काय होतंय?"

"छातीत… फोन कर."

इरावतीचा फोन वर्गात बंद. फ्रिजवर तिने ११२ हा आकडा चिकटवून ठेवला होता. पत्ता चिकटवायचं कुणाला सुचलं नव्हतं. ताईंनी आपल्या मोबाइलवरून नंबर फिरवला. पलीकडच्या बाईने इंग्रजीत विचारलं, पोलीस, अग्निशमन की ॲम्ब्युलन्स? आणि कुठल्या गावात?

"ॲम्ब्युलन्स," ताई म्हणाल्या. "ॲमस्टरडॅम."

फोन जोडला गेला. दुसऱ्या बाईने रस्ता विचारला. ताईंनी सांगितला, बेर्केनलान, घर चौऱ्याऐंशी. थोडा वेळ नुसता टंकलेखनाचा आवाज.

"मॅडम, त्या रस्त्यावर चौऱ्याऐंशी नंबरचं घर नाही. नक्की ॲमस्टरडॅमच ना?"

आणि शुभदाताई, ज्यांनी उभ्या आयुष्यात लिफाफ्यावर तालुका चुकू दिला नाही, त्या ओरडल्या, "हो, हो! अकरा वर्षं ॲमस्टरडॅमलाच आहे माझा मुलगा! लवकर पाठवा!"

"मॅडम, पिनकोड सांगा."

पिनकोड! ताईंना नाशिकचा आठवला. त्याच्यापुढे डोक्यात काहीच येईना. बाई पुन्हा पुन्हा शांतपणे विचारत होती.

तेवढ्यात पायाशी कुणीतरी साडीचा काठ ओढला. मल्हारचे डोळे अर्धे मिटले होते.

"आई… झूटरमेर," तो म्हणाला. एवढं बोलायला त्याला दोनदा श्वास घ्यावा लागला.

ताईंनी फोनमध्ये सांगितलं, "झूटरमेर! झूटरमेर!" गाडी आठव्या मिनिटाला दाराशी आली.

हेगच्या इस्पितळात दोन स्टेंट घातले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. इरावती धावत आली, सासूला मिठी मारून म्हणाली, "आई, तुम्ही होतात म्हणून वाचला तो."

"मी होते म्हणून," ताई म्हणाल्या. त्यांनी फोन उघडून तिच्यापुढे धरला. कॉल पाच मिनिटं बारा सेकंद चालला होता. "यातली तीन मिनिटं ॲमस्टरडॅमची. गाव मला पाठ होतं गं. रोज वाचत होते. तोंडातून दुसरंच आलं, आणि ती विचारत असताना मीच ठासून सांगितलं. मरायला टेकलेल्या पोराने मला पत्ता सांगितला."

इरावतीने फोन त्यांच्या हातातून हळूच काढून घेतला.

संध्याकाळी आत सोडलं. मल्हार नळ्यांमध्ये पडल्या पडल्या हसायचा प्रयत्न करत होता. "आई, चूक माझीच. पहिल्याच वर्षी फोनवर बाबांना मीच म्हटलं होतं, लोकांना ॲमस्टरडॅम सांगा, सोपं पडेल."

"गप्प बस. बोलू नकोस," ताई म्हणाल्या. त्यांना हसू आलं नाही, रडूही आलं नाही.

मागून कागद घेतलेली नर्स आली. पेशंटची आई का? मग राहण्याचं ठिकाण? तिने पेन टेकवून वाट पाहिली. शुभदाताईंनी तोंड उघडलं, पण नाव बाहेर पडेना. बरोबरचं येईल की चुकीचं, याचा त्यांना भरवसाच उरला नव्हता. त्या मल्हारकडे बघत उभ्या राहिल्या. उत्तर शेवटी इरावतीने दिलं.