नाव घातलेली ताटली

“मावशी, ताटली खाली धर. अजून खाली.”

टेंभी नाक्याजवळच्या मिसळीच्या गाडीवर मालक असं म्हणायचा आणि माझी आय वाकायची. तो वरून उसळ टाकायचा, फरसाण टाकायचा, मग वीतभर उंचीवरून रस्सा सोडायचा. त्याची पळी आमच्या ताटलीला लागता कामा नये. आय मासळी विकायची. भांड्यांना वास लागतो म्हणे. बाकीच्या गिऱ्हाइकांना गाडीवरच्या प्लेटा. आम्हाला आमची ताटली, आयनं घरून फडक्यात गुंडाळून आणलेली. गरम रश्श्याचे शिंतोडे तिच्या मनगटावर उडायचे. ती हात हलवायची नाही.

मी आठ वर्षांचा. मला वाटायचं, केवढा हा मान! ताटलीवर आयचं नाव कोरलेलं होतं. लोकांना कुणाकुणाच्या उष्ट्या प्लेटा, आणि आम्हाला नाव घातलेली! शहाणा मी जन्मापासूनच. वर्गात छाती काढून विचारलं, “तुमच्यात कुणाची आहे का हॉटेलात स्वतःची ताटली?”

शेजारी बसणाऱ्या मित्रानं थोडा विचार केला. म्हणाला, “आमच्याकडे भांडी घासायला बाई येतात ना, त्यांचा कप वेगळा असतो.”

त्याला चिडवायचं नव्हतं. माहिती दिली बिचाऱ्यानं.

त्या दिवसापासून मी मिसळीला गेलो नाही. पोट दुखतं म्हणायचो. आय एकटी जायची. एकटीच वाकायची. मी शिकलो. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत चिकटलो, डोंबिवलीत फ्लॅट घेतला, पोट वाढवलं. ऑफिसात कुणी विचारलंच, तर आम्ही मूळचे ठाण्याचे. ठाण्यात कुठे, हे विचारायच्या आत मी चहा मागवायचो.

गेल्या महिन्यात आय म्हणाली, “नाक्यावरची मिसल खावीशी वाटते रं.”

सत्त्याहत्तर वय तिचं. टोपली सोडून बारा वर्षं झाली. रविवारी सकाळी मी, आय आणि कॉलेजात जाणारी माझी मुलगी, तिघं गेलो. गाडीचं आता दुकान झालंय. टेबलं, खुर्च्या, बाहेर लाइन. काउंटरला जुन्या मालकाचा मुलगा, माझ्याच वयाचा. आयला बघून तो खरंच खूश झाला.

“अगं मावशी! किती वर्षांनी! ताटली आणलीस ना?”

लाइनीतले लोक हसले. मीही हसलो. हे लपवत नाही. हसलो मी.

आयनं पिशवीतून ताटली काढली. मला न सांगता घरून आणली होती. पदरानं पुसली. गुडघे दुखतात तिचे, तरी वाकली आणि दोन्ही हातांनी खाली धरली.

“आजी, वाकतेस कशाला?” मुलगी म्हणाली.

मग तिनं माझ्याकडे पाहिलं. उत्तर मला आठव्या वर्षापासून ठाऊक होतं.

मी आयच्या हातातून ताटली काढून घेतली.

“तीन मिसळ. तुमच्या प्लेटमध्ये.”

“अहो साहेब, मावशीला सवय आहे.”

“सवय तुमच्या वडिलांनी लावली.”

“वडील गेले हो. कागदी डिश देतो ना, एकदम स्वच्छ.”

“या सगळ्यांना स्टीलची दिलीत. आम्हालाही स्टीलची.”

मागून कुणीतरी म्हणालं, “काका, सकाळी सकाळी क्रांती नको. भूक लागलीय.”

माझा आवाज चिरकला. क्रांतिकारकाला शुगर आणि बीपी, दोन्ही. पण लाइन सोडली नाही. तीन स्टीलच्या प्लेटा आल्या.

आय खुर्चीच्या कडेवर टेकली. वर न बघता भराभर खाल्लं. कशी झालीय विचारलं तर म्हणाली, “बरी हाय.” आमचं खाऊन झाल्याबरोबर तिन्ही प्लेटा एकात एक रचून उठली. कोपऱ्यातल्या हात धुवायच्या नळाखाली धरल्या आणि बोटांनी घासायला लागली.

मुलगी धावली. “आजी, ठेव ते! इथे माणसं आहेत धुवायला.”

आयनं घासणं थांबवलं नाही. “नाय धुतल्या तं पुढच्या वेली देतील का?”

मालक बघत होता. एकदाही म्हणाला नाही, मावशी राहू दे.

मला वाटलं होतं, प्लेट मिळाली की संपलं. नाही संपलं. त्याच्या बापानं तिला वाकायला लावलं, आणि पोट दुखतं म्हणून मी घरी बसलो. आम्ही दोघांनी मिळून हे तिच्या हाडात मुरवलं.

आता दर रविवारी तिला तिथे नेणार. मालकानं तोंड वाकडं केलं तरी. लाइनीतल्यांनी टोमणे मारले तरी. माझी आय उष्टी प्लेट टेबलावर तशीच टाकून, मालकाच्या समोरून ताठ चालत बाहेर पडेल, त्या दिवसापर्यंत.