प्लुटो, आबा आणि मिठाची वाटी

मंडळी, रोज सकाळी इथे इतिहासातली एक गंमत टाकते. आजची गंमत आबांनी माझ्यावरच उलटवली.

आज कऱ्हाटीत यात्रेची पंगत होती. माझे चुलत आजोबा, म्हणजे आबा, ओट्यावर रुसून बसले होते. जन्मभर पंगतीत वाढलं आणि यंदा पोरांनी वय बघून वाढप्यांच्या यादीतून त्यांचं नाव काढलं.

त्यांचा रुसवा जावा म्हणून मी म्हटलं, "आबा, तुमचा जन्म १९३० चा ना? त्याच साली प्लुटो सापडला. पुढे त्यालाही ग्रहांच्या यादीतून काढलं." आणि जीभ चावली.

आबा म्हणाले, "मग त्यानं फिरायचं सोडलं व्हय?"

"नाही हो. पण सूर्याभोवती त्याची एक फेरी जवळजवळ अडीचशे वर्षांची. सापडल्यापासून एकही पुरी झालेली नाही."

"लईच सुस्त गडी हाय की! आमी एका पंगतीत तीन मारतो."

आणि उठलेच. आमटीची बादली आता झेपत नाही, म्हणून मिठाची वाटी घेतली आणि पानापानावर चिमूट सोडत निघाले. यादीवाली पोरं गुपचूप बाजूला सरकली.

शेवटच्या पानापाशी पोचून आबा तिथूनच ओरडले, "एक झाली गं! कळव त्याला!"

प्लुटोचा नंबर आहे का कुणाकडे?