जिनिंगमधली झोळी

आधीच सांगते, भुताखेतांच्या गोष्टी रंगवून सांगणाऱ्यांची मला चीड येते. आम्ही बौद्ध. धम्म घेतला तेव्हा वडिलांनी घरातले ताईत-गंडे स्वतःच्या हाताने चुलीत घातले होते. मी त्यांचीच लेक, पुढे मास्तरीण झाले, अंगारे-धुपारे दिसले की पोरांना दटावणारी. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय... पण लिहिते.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. मी परभणीला डी.एड. करत होते, सुट्टीत सेलूला घरी आले होते. स्टेशनच्या पलीकडचं एक जिनिंग बंद पडलं होतं. एके काळी तिथे कापसाच्या गाड्यांची रांग लागायची. आता समोरची चहाची हॉटेलंसुद्धा बंद. मशिनी विकल्या गेल्या, नुसती पत्र्याची शेड उरली होती. तीही मोडणार असं कानावर आलं आणि दुपारी माय जेवता जेवता उठली.

"चल माझ्यासंगं. एकदा बघून येऊ."

माझ्या जन्माआधी माय तिथे कापसातला कचरा वेचायला जायची. बायका तान्ही लेकरं सोबत न्यायच्या. वरच्या लोखंडी बाराला लुगड्याची झोळी बांधायची, झोळीची सुतळी पायाच्या अंगठ्यात अडकवायची. हात कामाला, पाय झोक्याला. माझा थोरला भाऊ त्या झोळीतच गेला. ताप होता... पण रोज बुडवून घरी कोण बसणार? सुट्टीची घंटा होईपर्यंत माय झोका देतच होती. उचललं तेव्हा तो गार पडला होता.

"कवा गेला तेच कळलं न्हाई गं मला," हे तिचं तोवरचं नेहमीचं. "मेलेल्या लेकराला झोके देत बसले. कसली माय मी!" किती समजावलं, काही उपयोग नाही.

गेटवरचे म्हातारे चौकीदार म्हणाले, "जाओ अम्मा, देख लेव. कल से टीन निकालरे."

आत पत्रे तापलेले, वारा अजिबात नाही. मायने जागा बरोबर ओळखली. बाराला कुणाच्या तरी झोळीची कुजकी चिंधी लोंबत होती. मायने पिशवीतून सुतळी काढली — म्हणजे घरूनच आणली होती बघा! चिंधीला बांधली, खाली बसली, दुसरं टोक अंगठ्यात अडकवून पाय हलवायला लागली.

"माय, ऊठ. काय येड्यासारखं करायलीस?" मी ओरडले. खरं तर मला रडूच आलं होतं.

सोडवावी म्हणून सुतळीला हात घातला... आणि हात तसाच राहिला. सुतळी ताणलेली होती. वरच्या टोकाला चिंधी अशी, की फुंकर मारली तर तुटेल, पण ओढ लागत होती ती लेकराच्या वजनाची. वर बार कुरकुरत होता. माय वर बघत सावकाश पाय हलवत होती.

मग एकदम सुतळी माझ्या हातात सैल पडली. तुटली नव्हती, सुटली नव्हती. मायचा पाय त्याच क्षणी थांबला.

"आत्ता गेला," ती म्हणाली. "कळलं मला."

आणि जी रडली... मी तिला तसं रडताना कधीच पाहिलं नव्हतं.

तापलेलं लोखंड, माझा भ्रम, सगळं लावून बघितलं. बसत नाही. उलगडा मला आजही झालेला नाही. माय मात्र पुढे कुणी थोरल्याचं विचारलं की एवढंच सांगायची, "गेला तवा मी व्हते त्याच्यापाशी."