मिस्त्रींनी जोडलेले सांधे

मिस्त्रींनी चाळीस वर्षं नळ जोडले. त्यांचा सांधा गळला, असं कुणी म्हटलं नाही.

पण त्या काळी सांधे शिसं वितळवून जोडत. सगळेच जोडत. ते शिसं पाण्यात उतरतं, हे त्यांना भाचीनं सांगितलं. ती प्रयोगशाळेत पाण्यातले जड धातू हुडकते. मिस्त्रींच्या लेकीच्या बाळाला येत्या सोमवारपासून पावडरचं दूध सुरू व्हायचं होतं. पाणी मिस्त्रींनीच जोडलेल्या नळाचं.

भाचीनं लाल द्रावाच्या कुप्या दिल्या. "मामा, यात सोनं आहे."

"सोनं कधीपासून लाल झालं?"

"अतिबारीक कण केले की होतं. शिसं भेटलं की कण एकमेकांना चिकटतात. मग रंग निळा."

"आपल्या नातेवाइकांसारखं. एरवी तोंडं चार दिशांना, बाहेरचा आला की सगळे एक."

दुपारी लेकीच्या स्वयंपाकघरात त्यांनी तीनदा पाणी तपासलं. तिन्ही वेळा लाल. "बिनघोर राहा," त्यांनी लेकीला सांगितलं.

भाचीनं फोनवर विचारलं, "नळ सोडल्या सोडल्या भरलंत ना?"

"छे! आधी थोडं पाणी सोडून नळाला चूळ भरू द्यायची. धंद्याची रीत आहे."

"अहो मामा, ती चूळच हवी होती. रात्रभर सांध्यापाशी बसलेलं पाणी."

दुसऱ्या दिवशी, घरात कुणी नळ उघडण्याआधी, त्यांनी पहिलं पाणी घेतलं. थेंब टाकले. लाल जांभळं झालं. मग निळं.

"बाबा, काय निघालं?" लेक दारात उभी होती.

थाप मारता आली असती.

"माझंच काम निघालं," ते म्हणाले. "मी सांगेपर्यंत बाळाला हे पाणी नको. उकळूनही नको."

त्याच दिवशी त्यांनी जुने सांधे कापले, नवी नळी बसवली. रविवारी पहाटेचं पहिलं पाणी लाल राहिलं. सोमवारीही. लेकीनं त्याच पाण्यात दूध कालवलं. बाळानं बाटली संपवूनच तोंड काढलं.

मिस्त्री मात्र टेकले नाहीत. उरलेल्या कुप्या खिशात घालून वरच्या मजल्यावर गेले. तिथले सांधेही त्यांचेच होते.

"मिस्त्री? आम्ही तर बोलावलं नव्हतं!" शेजारीण म्हणाली.

"नाही बोलावलंत, वहिनी. पण उद्या सकाळी मी आल्याशिवाय नळ उघडू नका."

"अन् आमचा चहा?"

"चहाचं पाणी मी खालून, लेकीकडून आणतो. कप किती, तेवढं सांगा."