भाकरीवाल्या काकूंचं अपेंडिक्स

भाकरी थापताना काकू परातीकडे बघतच नसत. त्यांची नजर मुलांच्या ताटांवर असे. पाथर्डी तालुक्यातल्या आमच्या गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. मागे राहिलेल्या चाळीसेक मुलांचं शाळेतच हंगामी वसतिगृह भरतं. मी तिथे शिक्षिका होते, काकू स्वयंपाकाला. एखाद्या मुलीने अर्धी भाकरी टाकली की काकू तिला चुलीजवळ बोलावत. कधीपासून दुखतंय, कुठं दुखतंय, सकाळी पोट साफ झालं का, सगळं विचारून घेत. "प्वाट खोटं बोलत न्हाई बाई," असं मला सांगत.

एका जानेवारीत त्यांचंच पोट दुखलं. उजव्या बाजूला, खाली, अंगात ताप. नगरच्या दवाखान्यात अपेंडिक्स सुजल्याचं निघालं. ते काढलं आणि तीन आठवड्यांत काकू पुन्हा चुलीपुढे. आम्ही सगळे निर्धास्त झालो.

काकू मात्र झाल्या नाहीत. पीठ मळताना त्यांना दम लागायचा. चेहरा पांढुरका पडला, पोलकं सैल झालं आणि उजवी बाजू पुन्हा ठणकू लागली. अशक्तपणा आहे, असं सगळ्यांनी सांगितलं; मीसुद्धा. महिनाभर रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन एका सकाळी त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. "आपेंडिस काढून टाकलं म्हनत्यात. मग जे न्हाईच, ते दुखतंय कसं?" आम्ही नगरची एसटी पकडली.

सर्जनलाही त्यांनी हेच विचारलं. त्याने गोळ्यांनंतरही रक्त कमीच असल्याचा रिपोर्ट पाहिला, पंचावन्नचं वय पाहिलं आणि आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करायला सांगितली. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीलाच गाठ होती. तिनेच अपेंडिक्सचं तोंड दाबून ते सुजवलं होतं. तुकडा तपासला, तो कॅन्सरचा निघाला. हे आधीच शोधायला हवं होतं, असं त्याने सरळ कबूल केलं.

तोडीवरून धावत आलेला नवरा व्हरांड्यात रडत बसला. काकूंनी एवढंच विचारलं, गाठ काढता येते का. येते म्हटल्यावर म्हणाल्या, "मग काढा. दिवाळीनंतर पोरं यायची हायती."

ऑपरेशन झालं, मग सहा महिने सलाइनमधून औषधं. केस विरळ झाले, बोटांची जाणीव गेली. बोटं बहिरी झाली, असं त्या म्हणायच्या. दिवाळीनंतर कामावर आल्या तेव्हा भाकरी हातातून निसटे, तव्यावर करपे. मी दुसरी बाई बघते म्हणाले, ते त्यांनी कानाआड केलं. आठवडाभर त्या पिठाशी झुंजल्या. आठव्या दिवशी टम्म फुगलेल्या भाकऱ्या चाळीस ताटांत पडल्या आणि काकू कमरेवर हात ठेवून मनापासून हसल्या.

त्याला पाच वर्षं झाली. शेवटच्या तपासणीत काहीच सापडलं नाही.

यंदा माझी बदली झाली. निरोपाला सगळं गाव शाळेत जमलं, काकूच नव्हत्या. मी रुसून फोन लावला, तर त्या नगरला. शेजारच्या वस्तीवरच्या एका बाईचं अपेंडिक्स काढून दोन महिने झाले होते, तरी तिचं पोट दुखायचं थांबत नव्हतं. ती दवाखान्यात जायला तयार नव्हती, म्हणून काकू स्वतःच तिला घेऊन गेल्या होत्या.

"तुमी निघा बाई," त्या म्हणाल्या. "आमचा नंबर आलाय."